बातमीदाराची पिशवी आणि विजेची परीक्षा
(बी. ए., द्वितीय वर्ष)

बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' सुरू केले, तेव्हा बातमीदाराची साधने म्हणजे दौत, लेखणी आणि कागद. आज नांदेड-लातूरकडील तालुका वार्ताहराच्या पिशवीत मोबाइल, कॅमेरा, लॅपटॉप, चार्जर, पॉवर बँक आणि एक्स्टेन्शन बोर्ड असतो. लेखणीची शाई फार तर कपड्यावर सांडेल. ही साधने मात्र जीव घेऊ शकतात. म्हणून हा विषय मी अभ्यासासाठी निवडला.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून सुमारे १०,००० माणसे गेली. देशोदेशीचे बातमीदार तेथे आले. अशा आपत्तीच्या जागी जमीन ओली असते आणि जनरेटरपासून ओढलेली वायर माणसांच्या पायाखाली येते. ती सोललेली असेल तर धोका एकट्या बातमीदाराला नसतो. ढिगारा उपसणाऱ्यालाही असतो.

घरातील वीज २३० व्होल्टची. ओल्या शरीराचा विद्युतरोध सुमारे १,००० ओहम धरला, तर २३० मिलिअँपिअर प्रवाह वाहील. दहाच्या आसपासच स्नायू आखडून हात सुटेनासा होतो. तीसच्या वर हृदयाची लय बिघडण्याचा धोका सुरू होतो.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. पण वायरमन असलेल्या मामांमुळे विजेची तोंडओळख घरीच झाली. त्यांच्याकडून समजून घेतलेली परीक्षा अशी :

पहिली परीक्षा डोळ्यांची. प्लग काढून वायर बोटांनी चाचपावी. चिरा, जळका डाग, हलणारी पिन, चिकटपट्टीचे जोड शोधावेत. बहुतेक दोष येथेच सापडतात. आपल्याकडे तीन पिनांच्या प्लगची जाड पिन कापतात, किंवा उघड्या वायरी काडेपेटीच्या काड्या खुपसून बसवतात. ती जाड पिन अर्थिंगची; ती गेली की संरक्षण गेले.

दुसरी परीक्षा अर्थिंगची. धातूचे अंग असलेल्या दिव्याच्या अंगापासून जाड पिनेपर्यंतचा रोध मोजतात. तो ओहमच्या दहाव्या हिश्श्याच्या जवळपास, लांब वायर असल्यास थोडा अधिक असावा. चौकोनात चौकोन अशी खूण असलेल्या उपकरणाला दुहेरी आवरण असते. त्याला अर्थिंग लागत नाही.

तिसरी परीक्षा आवरणाची. मेगरने ५०० व्होल्ट देऊन रोध पाहतात. तो एक मेगओहमपेक्षा कमी नसावा, असा संकेत आहे. नाजूक इलेक्ट्रॉनिक साधनांना २५० व्होल्ट वापरतात. हे काम जाणकाराचेच. विद्यार्थ्याने प्रयोग करू नये.

बॅटरीची गोष्ट निराळी. फुगलेली लिथियम बॅटरी किंवा पॉवर बँक चार्ज न करता बाजूला काढावी. नव्या ॲडॅप्टरवर भारतीय मानक ब्यूरोचा नोंदणी क्रमांक पाहावा. पण क्रमांक वस्तूच्या मूळ नमुन्याबद्दल सांगतो. दोन वर्षे मोटारसायकलवर आदळलेल्या ॲडॅप्टरबद्दल नाही. म्हणूनच परीक्षा पुनःपुन्हा करावी लागते.

आता मुख्य प्रश्न : ही परीक्षा करायची कोणी? ब्रिटनमध्ये १९८९ च्या नियमांनी कामावरील विद्युत साधने सुरक्षित राखण्याची जबाबदारी मालकावर टाकली. आपल्याकडील कित्येक वार्ताहर तुटपुंज्या मानधनावर, स्वतःच्या पैशाने घेतलेल्या साधनांवर काम करतात. साधन त्याचे, धोका त्याचा, बातमी मात्र वृत्तपत्राची! माझ्या मते, जो बातमी घेतो त्याने तपासणीचा खर्चही उचलला पाहिजे. फाटका बोर्ड बदलायला फार पैसे लागत नाहीत. पण महिनाअखेरीस तेवढेही जड जातात, हे कष्टकऱ्याच्या घरात वाढलेल्यांना सांगावे लागत नाही.

आपण आपल्यापासून आरंभ करू या. स्नेहसंमेलनाचे माइक, दिवे, बोर्ड यांची एक नोंदवही ठेवावी. प्रत्येक वस्तूला क्रमांक, तपासणीची तारीख व तपासणाऱ्याची सही असावी. मंडपात ३० मिलिअँपिअरला वीज तोडणारा आरसीसीबी बसवावा आणि त्याचे 'टेस्ट' बटण कार्यक्रमापूर्वी दाबून पाहावे. शेतकरी ओल्या हाताने मोटारीच्या स्टार्टरला हात लावू नको, असे मुलाला बजावतो. तेच शहाणपण उद्याच्या पत्रकारानेही पिशवीत बाळगावे.