न दुखणारी गाठ
(माता-पालक सभेसाठी एक पाठ)

'अवघड जागी दुखणे आणि जावई वैद्य' ही म्हण खेड्यातील बहुतेक स्त्रियांस ठाऊक असते. स्तनाच्या कर्करोगात जागा अवघड असते; दुखणे मात्र आरंभी बहुधा नसतेच. दुखत नाही म्हणून गाठ निरुपद्रवी, असे समजून स्त्री ती लपविते. सुगी आटोपू दे, मुलीचे लग्न होऊ दे, असे म्हणता म्हणता महिने लोटतात. सभेत शिक्षकांनी दूर करावयाचा तो हाच गैरसमज होय.

पाठाचे मुद्दे : स्तनात किंवा काखेत गाठ लागणे, कातडी आत ओढली जाणे अथवा संत्र्याच्या सालीसारखी दिसणे, बोंड आत वळणे, त्यातून रक्तमिश्रित स्राव येणे, ही लक्षणे होत. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात; परंतु कोणती गाठ कशाची, हे तपासणीवाचून कळत नाही. हा रोग स्पर्शाने पसरत नाही.

तपासणीस आरंभी यंत्रच हवे असे नाही. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ साली सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास आरंभिला. त्यांपैकी निम्म्या स्त्रियांची तपासणी प्रशिक्षित सेविका दर दोन वर्षांनी हाताने करीत. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तपासलेल्या स्त्रियांत रोग लवकरच्या अवस्थेत सापडला, आणि पन्नाशी ओलांडलेल्यांत त्यापासून होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. त्याहून तरुण स्त्रियांत तशी घट आढळली नाही. म्हणून सभेस विद्यार्थ्यांच्या मातांबरोबर आज्यांनाही आवर्जून बोलवावे.

तीस वर्षांवरील स्त्रियांची अशी तपासणी उपकेंद्रात व प्राथमिक आरोग्य केंद्रात करण्याची शासनाची योजना आहे. गाठ लागल्यास मात्र कोणत्याही वयात वाट पाहू नये.

पाठाची रीत : आरोग्यसेविकेस आधी निरोप धाडावा. शिक्षकाने प्रास्ताविक करून पुरुषांसह बाहेर जावे. पुढील बोलणे सेविकेने अथवा शिक्षिकेने करावे. कोणाचेही नाव सभेत घेऊ नये. शेवटी एकच प्रश्न विचारावा : "गाठ दुखत नसेल, तर काय करावे?" "तरीही दाखवावी," असे उत्तर सर्वांकडून आले, म्हणजे पाठाचा हेतू सफल झाला असे समजावे.