हेपटायटिस ‘सी’ आणि शरीराची प्रतिकारशक्ती

कावीळ म्हटली की पिवळे डोळे आठवतात. परंतु हेपटायटिस ‘सी’ची लागण झालेल्या बहुसंख्य व्यक्तींना प्रारंभी कोणतेही लक्षण जाणवत नाही. १९८९ मध्ये ओळख पटलेला हा विषाणू मुख्यतः दूषित रक्तावाटे शरीरात प्रवेश करतो आणि यकृतात ठाण मांडतो.

पहिली व दुसरी फळी

विषाणू शिरताच यकृतातील पेशी इंटरफेरॉन नावाचे द्रव्य स्रवून शेजारच्या पेशींना सावध करतात. मात्र विषाणूचे एक विकर धोक्याची सूचना पुढे नेणारे प्रथिनच तोडून टाकते. काही आठवड्यांनी पांढऱ्या पेशींची दुसरी फळी उभी राहते. टी-पेशी बाधित पेशींवर हल्ला चढवितात, तर बी-पेशी प्रतिपिंडे तयार करतात.

विषाणूचे बहुरूप

या विषाणूच्या प्रती निघताना होणाऱ्या चुका दुरुस्त होत नाहीत. त्यामुळे त्याचे रूप सतत पालटते व जुन्या रूपासाठी घडलेली प्रतिपिंडे नव्या रूपापुढे निष्प्रभ ठरतात. प्रदीर्घ झुंजीने टी-पेशीही थकतात. परिणामी, शंभरांपैकी सुमारे ३० व्यक्तीच सहा महिन्यांच्या आत उपचारांविना विषाणूमुक्त होतात. उरलेल्या सुमारे ७० जणांत तो मुक्काम करतो. यकृताची हानी प्रामुख्याने या न संपणाऱ्या लढ्यामुळेच होते. वर्षानुवर्षे वण साचून काहींना सिऱ्होसिस वा कर्करोग जडतो.

प्रतिपिंडे ही खूण, कवच नव्हे

रक्तात प्रतिपिंडे आढळणे म्हणजे विषाणूशी कधीतरी गाठ पडल्याची खूण होय. रोग बरा झाल्यावरही ती राहतात. म्हणून विषाणू आज शरीरात आहे किंवा नाही, हे जाणण्यासाठी आरएनए तपासणी आवश्यक ठरते. ही प्रतिपिंडे पुन्हा होणारी लागण खात्रीने रोखू शकत नाहीत. प्रतिबंधक लसही अद्याप उपलब्ध नाही.

तथापि, निराशेचे कारण नाही. विषाणूवर थेट घाव घालणाऱ्या गोळ्यांच्या सामान्यतः बारा आठवड्यांच्या उपचाराने ९५ टक्क्यांहून अधिक रुग्ण बरे होतात. २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हेपटायटिस नियंत्रण कार्यक्रमाखाली निदान व औषधोपचार विनामूल्य उपलब्ध करून देण्यात आले आहेत. ज्यांना पूर्वी रक्त चढविले गेले, ज्यांचे डायलिसिस चालू आहे किंवा ज्यांनी इतरांची सुई वापरली आहे, त्यांनी लक्षणांची वाट न पाहता तपासणी करून घेणे हिताचे आहे.