रेवदंड्यास निघालेल्या पुतण्यास



तुमच्या नौकाक्लबाची शनिवार-रविवारची सफर मुंबई बंदरातून रेवदंड्यास जाण्याची ठरली असून एका शिडाच्या नावेचे सुकाणू तुझ्या स्वाधीन होणार आहे, हे तुझ्या पत्रावरून कळले व मनापासून आनंद झाला. सामानाविषयी तू विचारले आहेस. परंतु जीवरक्षक जाकिटे, पाणी, जादा दोर, बिनतारी यंत्र यांची तजवीज क्लबाचे जुने सभासद करतीलच. मला लिहावयाचे आहे ते वेळेविषयी. कारण अशा दोन दिवसांच्या सफरीत खरी जोखीम वाऱ्यात असते त्याहून अधिक सोमवारी कचेरीत हजर होण्याच्या निकडीत असते, असे माझे ठाम मत आहे.

सफरीचा दिवस तिथी पाहून ठरविला आहे काय, हे प्रथम विचार. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली म्हणजे पूर्ण भरतीची वेळ अदमासे निघते, हा आपल्या किनाऱ्यावरील जुना हिशेब. तो छापील कोष्टकाशी ताडून घ्यावा. अष्टमीस सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास भरती पूर्ण होते. शनिवारी अष्टमी असेल, तर तांबडे फुटताना निघालेली नाव ओहोटीबरोबर बंदराबाहेर पडते. थंडीच्या दिवसांतला सकाळचा मतलई, म्हणजे जमिनीकडून येणारा, वारा तिला, जेथे 1679 मध्ये शिवाजी महाराजांनी किल्ला बांधावयास घेतला त्या खांदेरीकडे नेतो. दुपारी वायव्येचा खारा वारा पाठीशी येतो, अलिबागचा कुलाबा किल्ला डाव्या हातास मागे पडतो, आणि वीस-पंचवीस सागरी मैल तोडून ती रेवदंड्याच्या खाडीच्या, म्हणजे कुंडलिकेच्या, मुखाशी पोचते, तेव्हा पाणी चढत असते. चढत्या पाण्यात नाव वाळूस टेकली तरी तेच पाणी तिला उचलते. उतरत्या पाण्यात टेकली, तर पुढच्या भरतीपर्यंत कलंडून पडावे लागते. पौर्णिमा-अमावास्येस भरती दुपारी बाराच्या आसपास येऊन जाते. तुम्ही सायंकाळी पोचाल, तो खाडी रिती होत आलेली आणि उधाणाची ओढ जबर. असा दिवस क्लबाने नेमला असेल, तर तो बदलण्याविषयी तू, वयाने लहान असलास तरी, स्पष्ट बोलावेस.

खाडीच्या मुखाशी घाई करू नये. 1508 मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयचा पुत्र लोरेन्सो द आल्मेडा चौलच्या, म्हणजे याच खाडीच्या, पाण्यात इजिप्त व गुजरात यांच्या आरमारांशी लढला, तेव्हा निसटून समुद्राकडे जाताना त्याचे जहाज मासेमारीसाठी रोवलेल्या खुंटांत अडकले आणि तेथेच तो पडला. त्या किनाऱ्यावरचे कोळी आजही खुंट रोवून डोल जाळी लावतात. ती त्यांची भाकरी आहे. तिच्यावर तुमची नाव जाता कामा नये. म्हणून वाटेत भेटेल त्या होडीतील नाखव्यास नमस्कार करून वाट विचारावी, आणि तो सांगेल तेथेच नांगर टाकावा. नकाशात वाळू जेथे दाखविली असते तेथे ती पावसाळ्यानंतर असेलच असे नाही; नाखव्याने मात्र ती परवाच पाहिलेली असते.

मुक्कामी उजेड असेतो रेवदंड्याचा तट पाहून घे, आणि जमल्यास पलीकडचे कोर्लई, जेथे पोर्तुगीजोद्भव बोली अद्याप घरांतून बोलली जाते.

आता परतीचे. जाताना जो वायव्य वारा साहाय्य करतो तोच रविवारी दुपारी तोंडावर येतो, आणि आदल्या दिवशी एका सरळ रेषेत कापलेले अंतर डावे-उजवे तिरके फेरे घेत, लाटा अंगावर घेत कापावे लागते. शनिवारची सुलभता पाहून रविवारचा अंदाज बांधणारे येथे फसतात. म्हणून रविवारी सकाळी नवमीची भरती पावणेसातच्या सुमारास पूर्ण होताच, मतलई वारा आहे तोवर, नांगर उचलावा. ती वेळ चुकली, वा सकाळीच वारा फिरलेला दिसला, तर निघू नये. नाव तेथेच ठेवून, एकदोघांना तिच्यावर राखणीस नेमून, बाकीच्यांनी अलिबागवरून सडकेने मुंबई गाठावी. यात कमीपणा नाही. हा ठराव मात्र शनिवारी निघण्यापूर्वी सर्वांच्या संमतीने करून ठेव. रविवारी थकलेल्या, घराची ओढ लागलेल्या माणसांकडून तो होत नाही.

आणि सोमवारच्या रजेचा अर्ज शुक्रवारीच देऊन ठेव. लागली नाही तर मागे घेता येईल. वहिनींस नमस्कार सांग. कळावे, लोभ आहेच तो वृद्धिंगत व्हावा.

तुझा,
काका