पहिलटकरीण, वय ३६

फाइलवर 'एल्डरली प्रायमी' लिहिलेलं बघून रडलीस म्हणे? अगं वेडे, पस्तिशीनंतरच्या प्रत्येक पहिलटकरणीच्या फाइलवर ते लिहितात. नवऱ्याचं वय मात्र कुणी लिहीत नाही, तो बेचाळिसाचा असला तरी!

पस्तिशी म्हणजे कडा नव्हे, उतार आहे. डाउन सिंड्रोमचंच घे. पंचविशीत साधारण १२०० बाळांमागे एक, पस्तिशीत ३५० मागे एक, चाळिशीत १०० मागे एक. म्हणजे धोका वाढतो हे खरं, पण पस्तिशीतल्या त्या ३५० पैकी ३४९ बाळांना ते नसतं, हेही तितकंच खरं. आपली बीजं आपण आईच्या पोटात असतानाच तयार होतात. तू छत्तिशीची, तुझं बीजही छत्तिशीचं. गुणसूत्रांच्या वाटणीत चुका होतात त्या त्यामुळे. गर्भपातही वयाबरोबर वाढतात ते बरेचसे याच कारणाने. माझा सदतिसाव्या वर्षी तिसऱ्या महिन्यात झाला, तेव्हा आत्या म्हणाली, पपई खाल्ली असशील. मी वर्षभर स्वतःला खात बसले. पपईचा काही संबंध नव्हता गं.

अकरा ते तेरा आठवड्यांत एनटी स्कॅन आणि डबल मार्कर होईल. त्यातून फक्त शक्यता कळते, निदान होत नाही. 'हाय रिस्क' आलं तरी लगेच हातपाय गाळू नकोस. पुढे एनआयपीटी आहे, आणि खात्री करायला गर्भजलाची तपासणी.

खरं सांगू? मला तुझ्या गुणसूत्रांपेक्षा तुझ्या बीपीची आणि शुगरची जास्त काळजी वाटते. आपल्या आईला डायबेटिस, त्यात तुझं वय. ७५ ग्रॅम ग्लुकोजचं ते गोडमिट्ट पाणी मुकाट्याने पी, आणि पहिल्यांदा रिपोर्ट नॉर्मल आला तरी २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा पी. माझी शुगर धाकट्याच्या वेळी सापडली. तो जन्मला तेव्हा त्याची साखर खाली जाईल म्हणून इवल्याशा टाचेला सारखं टोचत होते. त्याच्यापेक्षा मीच जास्त रडले. बीपी प्रत्येक भेटीत मोजून घे. डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले, तोंड सुजलं किंवा बरगड्यांखाली दुखलं, तर सकाळची वाट बघायची नाही. रात्री दोनला मला उठव. ॲस्पिरिनची छोटी गोळी लागेल का, हे डॉक्टरांना विचार. मनाने घेऊ नकोस.

आणि वयाचं म्हणशील तर आमच्या मावशींची लेक सतराव्या वर्षी बाळंत झाली. अंगात रक्त नाही, बाळ पावणेदोन किलोचं. तिला कुणी 'वय झालं' म्हणालं नाही, उलट पेढे वाटले! २०१९–२१ च्या पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या दर पाच जणींमागे एकीहून जास्त मुलींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. कोवळ्या वयात झटके येण्याचा, दिवस भरण्याआधी बाळंत होण्याचा धोका जास्त असतो. हळदीकुंकवाला तुझ्या वयाचे हिशेब मांडणाऱ्या बायका तिच्याबद्दल चकार शब्द काढत नाहीत.

सोमवारी स्कॅनला मी येते. आणि आत्याचा फोन आला तर माझ्याकडे दे.