अर्धी गोळी म्हणजे मुलाचा डोस नव्हे

प्रश्न : अंगावर गांधी उठल्या की मी रात्री सेटिरिझिन घेते. चार वर्षांच्या मुलाला तीच गोळी अर्धी करून दिली तर चालेल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, अर्धी गोळी देऊ नका. तुमची गोळी १० मिलिग्रॅमची असते; मोठ्यांना दिवसाला एक पुरते. तिची अर्धी ५ मिलिग्रॅम होते. २ ते ५ वर्षांच्या मुलांना सुरुवात अडीच मिलिग्रॅमनेच करतात. डॉक्टरांना विचारून सिरप घ्या. ५ मिलिलिटरमध्ये ५ मिलिग्रॅम असेल, तर अडीच मिलिलिटर पुरे. बाटलीवरचं प्रमाण वाचा आणि सोबतच्या मापानंच द्या, घरातल्या चमच्यानं नको. सर्दीच्या सिरपमध्येही अॅलर्जीचं औषध असू शकतं, म्हणून दोन्ही एकत्र देऊ नका. मूत्रपिंडाचा त्रास असल्यास डोस डॉक्टरच ठरवतील. बाकी काळजी नको. मात्र ओठ सुजले किंवा धाप लागली, तर थेट रुग्णालय गाठा.