वाळक्या फांदीवरचे फुलकिडे

चि. मुक्ता,


फोटो मिळाले. आंब्याच्या वाळक्या फांदीवरून झटकलेले ते काळे, लांबुळके किडे फुलकिडेच आहेत. पण तू लगेच जातीचं नाव मागतेस, त्याआधी तो खातो काय ते बघ. कांद्या-मिरचीवरचे थ्रिप्स पाहून पाहून आपल्याला प्रत्येक फुलकिडा पिकाचा शत्रूच वाटतो. हे बुरशीवर जगणारे आहेत. यांच्यासाठी बागाईतदाराला फवारणी सांगू नकोस, एवढं माझं ऐक.

आधी शेपटाकडे बघ. पोटाचा दहावा, शेवटचा खंड नळीसारखा आहे आणि पंखांवर शिरा नाहीत. म्हणजे फ्लिओथ्रिपिडी कुळ. कांद्यावरच्या मादीला अंडी घालायला करवती असते, तशी इथे सापडणार नाही.

खरी मौज डोक्यात आहे. किडा पारदर्शक करून स्लाइडवर घे आणि डोक्याच्या आतल्या, जबड्याच्या दोन सुया मोज. दोन-तीन मायक्रॉन रुंद असतील तर तो रस शोषणारा, मग तो रस कवकतंतूंचा असो वा पानाचा. पाच ते दहा मायक्रॉन भरल्या, तर तो अख्खे बीजाणू गिळणारा, इडोलोथ्रिपिनी उपकुळातला. अशा किड्याच्या आतड्यात गिळलेले बीजाणू कितीदा तसेच दिसतात. ते दिसले की मला फोन कर, रात्र असली तरी.

तुझ्या किड्याचं डोकं लांब आहे आणि डोळ्यांच्या पुढे आलेलं आहे, म्हणून मला इलाफ्रोथ्रिप्स वाटतो. पण हे सध्या पेन्सिलनेच लिही. शृंगिकेच्या तिसऱ्या-चौथ्या खंडावरचे संवेदी शंकू मोजल्याशिवाय आणि छातीवरचे लांब केस टोकदार की बोथट हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नकोस.

आकारावर तर मुळीच विसंबू नकोस. यांच्यात एकाच जातीचे नर फार वेगवेगळे असतात: थोराड नराच्या पुढच्या मांड्या फुगलेल्या, किरकोळ नर मात्र मादीसारखाच. पूर्वी अशा दोघांना दोन जाती म्हणून नावं दिली गेली. मद्रासच्या टी. एन. अनंतकृष्णन यांनी या बहुरूपतेवर पुष्कळ काम केलंय, ते वाच. अमेरिकेतल्या इलाफ्रोथ्रिप्स ट्युबरक्युलेटसचे नर मादीसाठी झुंजतात आणि थोराड नर बहुधा जिंकतो. त्याच जातीत मादी अंडी घालते तेव्हा मुली होतात, जिवंत पिल्लं देते तेव्हा मुलगे. बर्नार्ड क्रेस्पी यांनी हे १९८९ साली दाखवलं. एवढ्याशा किड्यात केवढं हे!

म्हणून एकच देखणा नमुना उचलून आणू नकोस. त्या फांदीवरचे लहान-मोठे सगळे, पिल्लंसुद्धा, एकाच कुपीत ६० टक्के अल्कोहोलमध्ये घाल. त्याहून कडक घेतलंस तर ते ताठरतात आणि स्लाइडवर पाय पसरता येत नाहीत. चिठ्ठीवर झाड, गाव, तारीख आणि फांदी झाडावर होती की खाली पडलेली, हेही लिही. कुपी दादाबरोबर पाठव, तो पुढच्या आठवड्यात इकडे येतोय.

तुझी,
आत्या