धावत्या पायांची निगा

जे कुत्रे दिवसाचा बहुतेक वेळ ओसरीवर पडून काढते, त्याच्या पायांची चिंता धन्याला फारशी करावी लागत नाही. परंतु ज्याच्या अंगी धावण्याची जन्मजात ओढ आहे, झुडपात तित्तिराची फडफड ऐकू येताच ज्याचे कान ताठ होतात आणि मोकळे माळरान दिसताच ज्याला थोपवून धरणे अवघड जाते, त्याच्या बाबतीत एक गोष्ट आरंभीच ध्यानी घेणे अवश्य आहे, आणि ती ही की, त्याचा उत्साह हाच त्याच्या पायांचा पहिला शत्रू होय. काटा रुतला, गादी चिरली अथवा तळवा भाजला तरी धावण्याच्या भरात त्याला त्या वेदनेची जाणीव उशिरा होते, आणि जाणीव झाल्यावरही सोबतचा माणूस पुढे चालत आहे एवढ्या एकाच कारणास्तव ते मुकाट्याने मागे येत राहते. म्हणून कोठे धावावे, किती धावावे आणि केव्हा थांबावे, हा निर्णय त्याच्यावर सोपविता येत नाही; तो आपणच करावयाचा असतो.

आमची हरणी ही कारवान जातीची कुत्री. दक्षिण महाराष्ट्रात आणि उत्तर कर्नाटकात पिढ्यान्‌पिढ्या शिकारीसाठी जोपासलेली, मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांचा आश्रय लाभलेली ही जात अंगाने सडपातळ, लांब पायांची आणि विलक्षण वेगवान असते. नाशकात म्हसरूळच्या बाजूला आमचे घर असल्यामुळे चामरलेण्यांच्या डोंगराचा पायथा, मखमलाबादच्या द्राक्षबागांमधून जाणारे शिवाररस्ते आणि सुटीच्या दिवशी रामशेजच्या पायथ्यापर्यंतचा माळ हे तिचे नित्याचे क्षेत्र. तिच्या सहवासात मला जे शिकावयास मिळाले, त्यातील उपयोगाचा भाग इतरांच्या हाती द्यावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

पावसाळा सरला आणि डोंगरउतारावरचे गवत पिवळे पडू लागले, त्या काळातली ही हकीकत. फिरून आल्यावर हरणी उजव्या पुढच्या पंजाची दोन बोटांमधली बेचकी एकसारखी चाटू लागली. बाहेरून पाहता तेथे थोडीशी लाली होती, दुसरे काही नव्हते. पुढे तेथे वाटाण्याएवढी गाठ आली, ती फुटून तिच्यातून रक्तमिश्रित पाणी वाहिले, जखम सुकली आणि सर्वांनी समाधान मानले. परंतु थोड्याच दिवसांत किंचित वरच्या बाजूला तशीच दुसरी गाठ उभी राहिली. क्ष-किरणांच्या चित्रात काहीच दिसले नाही. शेवटी पशुवैद्यांनी गुंगी देऊन गाठ उघडली, तेव्हा आतून कुसळाचे एक टोकदार बीज निघाले. पायाच्या बेचकीतून शिरून ते मांसामधून वर सरकत चालले होते.

कुसळी गवताच्या बीजाची रचना ज्याने नीट पाहिली असेल, त्याला या गोष्टीचे आश्चर्य वाटणार नाही. बीजाचे टोक सुईसारखे तीक्ष्ण, त्याच्यावर मागे वळलेले बारीक ताठ केस, आणि मागे लांब पिळदार शेपूट. हवेतील ओलावा वाढला की तो पीळ सुटतो, ओलावा कमी झाला की पुन्हा आवळतो, आणि या फिरण्याने सुताराच्या गिरमिटाप्रमाणे ते बीज जमिनीत शिरते. उलट्या केसांमुळे त्याला मागे येता येत नाही. निसर्गाने ही योजना मातीसाठी केली असली, तरी कुत्र्याच्या बोटांमधली मऊ, ओलसर त्वचा त्या बीजाला मातीहून निराळी नसते. वनस्पतीचा असा बारीक तुकडा क्ष-किरणांत सहसा उमटत नाही, म्हणून चित्र निर्दोष आले की पाय निर्दोष आहे असे समजू नये. एकाच जागेचे सततचे चाटणे, फुटून बरी झालेली गाठ पुन्हा येणे आणि कठीण जमिनीवर पाय उचलून धरणे, ही तीन लक्षणे एकत्र दिसली तर पशुवैद्यांना ‘कुसळ असू शकेल’ हे आपण होऊन सांगावे.

बर्फाळ प्रदेशात हिवाळा म्हणजे पंजांच्या आपत्तीचा काळ, हे सर्वांना ठाऊक असते. आपल्याकडे बर्फ नाही, म्हणून हिवाळा निर्धोक, असा जो समज रूढ आहे तो मात्र खरा नव्हे. निफाडच्या बाजूस पारा पाच अंशांखाली उतरतो, पहाटे दंव गोठते आणि द्राक्षवेली वाचविण्यासाठी बागाईतदार बागांतून शेकोट्या पेटवितात, तेच दिवस कुसळाचे, वाळलेल्या सराट्यांचे आणि कापणीनंतर उभ्या राहिलेल्या मक्याच्या धसकटांचे असतात. कोरड्या थंडीने गाद्यांना चिरा पडतात, आणि त्या चिरांत माती भरून त्या अधिक खोल होतात. अशा वेळी रात्री पाय धुऊन, पूर्ण कोरडे करून, पेट्रोलियम जेलीचा अथवा पंजांसाठी मिळणाऱ्या मेणाच्या मलमाचा अगदी पातळ हात द्यावा. तो पातळच असावा, कारण गादी मुळात कठीण असणे हेच तिचे सामर्थ्य होय. अति मऊ केलेली गादी दगडावर लवकर सोलवटते.

द्राक्षबागांचा विषय नाशिककरांनी स्वतंत्रपणे लक्षात घ्यावा. थंड देशांत रस्त्यावरचा बर्फ वितळविण्यासाठी मीठ टाकतात. ते पंजांना झोंबते आणि चाटल्यावर पोटात जाऊन अपाय करते. आपल्या शिवारात त्या मिठाची जागा औषधांनी घेतली आहे. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर डोळे फुटावेत म्हणून काड्यांना हायड्रोजन सायनामाइड लावतात, रोगापासून रक्षणासाठी मोरचूद आणि चुना यांचे बोर्डो मिश्रण फवारतात, आणि हे सारे थोडेफार बांधावरच्या गवतावर उतरते. तेथून चालून आलेला कुत्रा घरी येऊन आपले पाय चाटतो, म्हणजे जे पायाला लागले ते पोटात गेले. नुकत्याच फवारलेल्या बागेत त्याला शिरू देऊ नये, आणि बागेच्या कडेने आले असता घरात पाऊल टाकण्यापूर्वी चारही पाय पाण्याने धुवावेत. काढणीच्या हंगामात खाली पडलेले द्राक्षमणी आणि बेदाणे यांपासूनही त्याला कटाक्षाने दूर ठेवावे. माणसाला पथ्यकर असलेले हे फळ कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक ठरू शकते.

यानंतर उष्णतेचा विचार. परिचयातील एका कुटुंबाचा तरणाबांड कुत्रा मार्चमधील एका दुपारी दुचाकीच्या जोडीने डांबरी रस्त्यावरून धावत आला, तो घरी येईपर्यंत शेपूट हालवीत होता, आणि संध्याकाळी मात्र त्याला उभे राहता येईना. चारही पायांच्या गाद्यांवर फोड आले होते आणि मागच्या एका पायाची कातडी सुटून लोंबत होती. त्या दिवशी ऊन असह्य होते असे कोणालाच वाटले नव्हते, आणि यातच या धोक्याचे मर्म आहे. हवेचे तापमान आणि जमिनीचे तापमान यांत फार मोठे अंतर असते. 1970 साली अमेरिकेतील एका वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या मोजणीनुसार, हवा 25 अंशांवर असता उन्हातले डांबर 52 अंशांच्या आसपास, आणि हवा 31 अंशांवर असता 60 अंशांच्याही वर तापलेले आढळले. नाशकात फेब्रुवारीअखेर पहाटे स्वेटर घालावा लागतो आणि दुपारी पारा तिशी ओलांडतो. म्हणजे आपण थंडीच्या गोष्टी बोलत असतो तेव्हाच रस्ते पाय भाजण्याइतके तापू लागलेले असतात. काळ्या बसाल्ट दगडाच्या पायऱ्या, गोदाकाठच्या घाटांची फरसबंदी आणि गच्चीची कोबा केलेली जमीन यांनाही हाच न्याय लागू आहे.

यावर उपाय एकच, आणि त्याला पैसा पडत नाही. बाहेर काढण्यापूर्वी आपल्या हाताची मागची बाजू रस्त्यावर टेकवून सात सेकंद ठेवावी. ती ठेववली नाही, तर कुत्र्याला त्या रस्त्यावर नेऊ नये. उन्हाळ्यात फिरण्याची वेळ सूर्योदयाच्या आसपासची असावी, कारण मावळतीनंतरही डांबर बराच वेळ ऊब धरून ठेवते. तथापि शहराच्या कडेला, उसाच्या आणि नदीकाठच्या भागांत बिबट्यांचा वावर आहे, म्हणून अंधारात निघण्याऐवजी उजाडू द्यावे आणि साखळी हातातून सोडू नये.

कदाचित काही झालेच, तर भाजलेल्या पायावर साध्या थंड पाण्याची धार निदान दहा मिनिटे धरावी. बर्फ लावू नये, तूप, हळद अथवा दंतमंजन चोपडू नये, सुटलेली कातडी ओढू नये. स्वच्छ कापड सैल गुंडाळून, चाटण्यास प्रतिबंध करून, पशुवैद्यांकडे न्यावे. घरातील माणसांची वेदनाशामक गोळी देण्याचा मोह निक्षून टाळावा. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारखी औषधे कुत्र्याच्या जठराला आणि मूत्रपिंडांना फार मोठी इजा करू शकतात.

पायमोज्यांसंबंधी अनेकजण विचारतात. त्यांचा उपयोग आहे, पण त्याला मर्यादाही आहे. कुत्र्याच्या घामाच्या ग्रंथी मुख्यत्वे पंजांच्या गाद्यांत असतात, त्यामुळे उन्हाळ्यात बराच काळ पाय झाकून ठेवणे इष्ट नव्हे. जखम बरी होईपर्यंत अथवा तापलेला रस्ता ओलांडण्यापुरते ते वापरावेत, आधी घरात थोडा थोडा वेळ घालून सवय करावी, आणि काढल्यावर कोठे घासले आहे काय ते पाहावे. पावसाळ्यात तर पाय झाकण्यापेक्षा कोरडे ठेवणे अधिक महत्त्वाचे. बोटांच्या बेचकीत ओल राहिली की बुरशी वाढते, आणि गोचीडही तेथेच दडून बसतात.

माझा पुतण्या कॅनडात राहतो, आणि तेथील हिमात आपल्या कुत्र्याला रोज फिरावयास नेतो. पंजा बर्फात गोठत का नाही, या प्रश्नाचे उत्तर जपानी संशोधकांनी 2011 च्या सुमारास दिले: गादीतील धमन्या व शिरा इतक्या निकट आहेत की, आत येणाऱ्या उष्ण रक्ताची ऊब परतणाऱ्या थंड रक्ताला मिळते आणि शरीराची उष्णता वाया जात नाही. परंतु बोटांमधल्या केसांत बर्फाचे गोळे अडकणे, बर्फाच्या कडांनी कातडी चिरणे आणि रस्त्यावरचे मीठ, यांपासून ही योजना रक्षण करू शकत नाही. म्हणून बेचकीतील केस कातरणे, बाहेर पडताना मेणाचे मलम लावणे, परतल्यावर कोमट पाण्याने पाय धुऊन पुसणे, हा तेथील नित्यक्रम आहे. अलास्कात 1973 पासून भरणाऱ्या इडिटारॉड या कुत्र्यांनी ओढावयाच्या घसरगाड्यांच्या शर्यतीत प्रत्येक कुत्र्यामागे आठ पायमोजे जवळ बाळगणे नियमाने बंधनकारक आहे, आणि मुक्कामाच्या ठाण्यांवर पशुवैद्य कुत्र्यांची तपासणी करतात. ज्यांच्या रक्तातच धावणे आहे अशा कुत्र्यांच्या बाबतीतही त्यांचे पाय तपासण्याचे काम माणसानेच आपल्याकडे घेतले आहे, ही गोष्ट आपण ध्यानी घ्यावयाची.

तेव्हा सर्व उपायांचे सार असे. रोज फिरून आल्यावर, पाणी पाजण्याआधी, कुत्र्याला उजेडात बसवावे. चारही पंजे एकेक करून हाती घ्यावेत. प्रत्येक गादी अंगठ्याने दाबून पाहावी, प्रत्येक बेचकी उघडून पाहावी, नखे जमिनीवर वाजण्याइतकी वाढली असल्यास कापावीत. पिलू लहान असतानाच ही सवय लावली तर पुढे ते आपण होऊन पाय पुढे करते. मोठ्या कुत्र्याला धीराने, खाऊ देत देत शिकवावे. या कामी हयगय होऊ नये म्हणून ते घरातील एका ठरावीक व्यक्तीकडे नेमून द्यावे, आणि मुलांनाही त्यात सामील करून घ्यावे. 1960 च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्याचे तिसरे कलम प्राण्याच्या सुस्थितीसाठी शक्य ती सर्व वाजवी तजवीज करण्याचे कर्तव्य पाळणाऱ्यावर टाकते. परंतु ज्या जिवाने आपल्या मागे येण्यात कधी कुचराई केली नाही, त्याच्या पायांची रोज दखल घेण्यासाठी आपल्याला कायद्याची आठवण होण्याची वेळ येऊ नये. आज संध्याकाळपासूनच या पाहणीस प्रारंभ करावा, अशी माझी प्रत्येक श्वानपालकास कळकळीची विनंती आहे.